रात्रीची एक छोटी गोळी आणि तिच्या शेजारी येऊन बसणाऱ्या बाकीच्या

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे. नागीण बरी झाली, पण बरगडीवरची आग राहिली, म्हणून आठ महिन्यांपासून रोज रात्री २५ मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन घेते. रक्तदाबाची गोळीही सुरू आहे. आता गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल दिलं आणि तिचं मन कशातच लागत नाही म्हणून फॅमिली डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन. गोळ्यांसोबतचं पत्रक वाचायला घेतलं, तर कशासोबत काय चालत नाही याची यादी संपेचना. यातलं खरोखर घाबरण्यासारखं काय?

उत्तर:

आधी तातडीचं सांगते. ट्रॅमाडॉल आणि फ्लुओक्सेटिन अजून सुरू झालं नसेल, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांनी काय लिहिलंय हे कळेपर्यंत सुरू करू नका. सुरू झालं असेल तर आजच फोन करून विचारा. आणि घाबरून अ‍ॅमिट्रिप्टिलिन एकदम तोडू नका. आठ महिने रोज घेतलेली ही गोळी अचानक बंद केली, तर मळमळ, डोकेदुखी, जिवाची उलघाल आणि उडालेली झोप असा त्रास काही दिवस होऊ शकतो. कमी करायची झालीच तर ती पायरी-पायरीने करतात.

आता त्या यादीबद्दल. ती चुकीची नसते, पण सगळ्यांना एकाच ओळीत उभं करते. ज्याने जीव जाऊ शकतो ते आणि ज्याने फार तर तोंड जरा जास्त कोरडं पडेल ते, दोन्ही एकाच टायपात छापलेलं असतं. २६ वर्षं ही औषधं लिहून देताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. घडी बसलेली चार औषधं वर्षानुवर्षं एकत्र सुखाने नांदतात. पाचवं घरात आलं किंवा चौथं निघून गेलं, की पुढच्या तीन-चार आठवड्यांत भांडण लागतं. म्हणून यादी पाठ करू नका. बदल कधी झाला ती तारीख लिहून ठेवा. तुमच्या आईच्या बाबतीत तर एकाच आठवड्यात दोन पाहुणे आलेत.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन ज्या ट्रायसायक्लिक गटात मोडतं, त्या गटातलं पहिलं औषध इमिप्रामिन. स्वित्झर्लंडमधल्या रोलंड कून या डॉक्टरांनी १९५७ मध्ये उदासीनतेवरचा त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. पुढे अ‍ॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, क्लोमिप्रामिन, डॉक्सेपिन, डोसुलेपिन अशी भावंडं आली. आज यातली बरीचशी औषधं नैराश्यापेक्षा इतर कारणांसाठीच जास्त दिली जातात: नसांचं दुखणं, अर्धशिशी, मुलांचं अंथरुणात लघवी होणं, झोप. घोटाळ्याचं एक मूळ इथेच आहे. ‘मानसिक आजाराची काही औषधं घेता का?’ असं विचारलं की तुमची आई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणार, कारण तिच्या दृष्टीने ती नागिणीची गोळी आहे. काही वेळा तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन हे प्रेगाबालिनसारख्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असतं आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात फक्त ब्रँडचं नाव. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा.

हे औषध एका जागी काम करून थांबत नाही. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही मज्जापेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायनं पेशीत परत शोषली जाणं ते अडवतं, आणि उपयोग बहुतेक त्यातूनच होतो. शिवाय हिस्टामिनची जागा अडवतं म्हणून गुंगी येते. अ‍ॅसिटिलकोलिनची अडवतं म्हणून तोंड कोरडं पडतं, कोठा जड होतो, लघवीला वेळ लागतो. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा ग्राही नावाच्या जागा अडवतं म्हणून उठताना घेरी येते. आणि हृदयाच्या पेशींतल्या सोडियमच्या वाटाही अडवतं. नवं औषध यापैकी कोणत्या दारावर जाऊन उभं राहतं, एवढंच बघायचं. दोघं एकाच दारावर उभे राहिले की त्रास दुप्पट.

पण तुमच्या आईच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं दार यकृतात आहे. ट्रायसायक्लिक औषधं मोडून बाहेर टाकायचं काम यकृतातली विकरं (एन्झाइम) करतात. त्यातलं मुख्य सीवायपी २डी६, जोडीला २सी१९. फ्लुओक्सेटिन हे २डी६ ला जवळजवळ कुलूप लावतं. मोरीचं तोंड बंद करून नळ तेवढाच सुरू ठेवावा तशी गत होते. इमिप्रामिन आणि डेसिप्रामिनवरच्या अभ्यासांत, आधी स्थिर असलेली रक्तातली पातळी फ्लुओक्सेटिन दिल्यावर दुपटीपासून दहापटीपर्यंत गेल्याची नोंद आहे. म्हणजे गोळीवर २५ लिहिलेलं असतं, पण शरीराला त्याच्या कितीतरी पट पोचत असतं. दहापट सगळ्यांची होत नाही. कोणाची होईल हे मात्र चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

यातली फसवी गोष्ट म्हणजे वेळ. पातळी एका रात्रीत चढत नाही, एक-दोन आठवड्यांत हळूहळू चढते. ‘तीन दिवस घेतलं, काहीच झालं नाही’ याला अर्थ नाही. उलट बाजूही तशीच. फ्लुओक्सेटिन आणि त्यातून तयार होणारा घटक शरीरात इतका रेंगाळतो, की गोळी बंद केल्यावरही सुमारे ५ आठवडे त्याचा हिशेब धरावा लागतो. मी एका आजोबांचं उदाहरण विसरत नाही. नॉरट्रिप्टिलिनवर छान चाललं होतं. फ्लुओक्सेटिन जोडलं गेलं आणि तिसऱ्या आठवड्यात ते रात्री कपाटाशी गप्पा मारायला लागले. घरच्यांना वाटलं स्मृतिभ्रंश सुरू झाला. मला भेटायला आले तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, जीभ लाकडासारखी, नाडी ११०. औषधं आवरली आणि दहा-बारा दिवसांत आजोबा पूर्वीसारखे झाले. म्हातारपणात अचानक आलेला भ्रम हा आधी औषधांचा समजावा, वयाचा नंतर.

काही जण म्हणतील, मग अ‍ॅमिट्रिप्टिलिनऐवजी नॉरट्रिप्टिलिन द्या, ते सौम्य असतं. कोरडेपणा आणि घेरी त्यात तुलनेने कमी, हे खरं. पण नॉरट्रिप्टिलिनची विल्हेवाट मुख्यतः २डी६ वरच लागते, त्यामुळे फ्लुओक्सेटिनचा फटका त्याला जास्तच बसतो.

२डी६ ला अडवणारी आणखी नावं: पॅरोक्सेटिन, ब्युप्रोपिऑन, क्विनिडिन, आणि थोड्या कमी जोराने ड्युलोक्सेटिन. एक नाव कोणाच्या ध्यानीमनी नसतं ते म्हणजे टर्बिनाफिन, नखांच्या बुरशीवरची गोळी. ती आठवडेच्या आठवडे चालते आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम बरेच दिवस टिकतो. मलम लावत असाल तर काळजी नाही, पोटात घ्यायची गोळी असेल तर सांगा. फ्लुव्हॉक्सामिन वेगळ्या विकरांना अडवतं, पण अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन आणि क्लोमिप्रामिनची पातळी तेही वाढवतं. फ्लुकोनॅझोल आणि व्हॅल्प्रोएट यांच्याकडेही लक्ष ठेवावं लागतं. काही लोकांत तर २डी६ जन्मतःच निकामी असतं. युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के आहे. अशांना १० मिलिग्रॅमनेही दिवसभर झापड येते आणि बाकीचे त्यांना ‘नाजूक’ म्हणतात.

आता ट्रॅमाडॉल. याच्यामुळे हे त्रिकूट माझ्या मते सर्वात वाईट ठरतं. ट्रॅमाडॉल स्वतः सेरोटोनिन वाढवतं, अ‍ॅमिट्रिप्टिलिन वाढवतं, फ्लुओक्सेटिन तर त्याच्यासाठीच आहे. तिघं एकाच दारावर. दुसरं, ट्रॅमाडॉलने आकडी येऊ शकते आणि ट्रायसायक्लिकनेही आकडीचा उंबरठा खाली येतो. तिसरी गंमत (गंमत म्हणायची, पण भोगणाऱ्याला नाही) अशी, की ट्रॅमाडॉलचा वेदनाशामक जोर बराचसा त्याच्यापासून शरीरात तयार होणाऱ्या एका घटकाचा असतो, आणि तो घटक तयार करायचं काम पुन्हा २डी६ चंच. फ्लुओक्सेटिनने ते बंद पाडलं, की दुखणं नीट थांबत नाही आणि सेरोटोनिन वाढवणारा मूळ भाग तेवढा शिल्लक राहतो. मग माणूस काय करतो? दुखतंय म्हणून आणखी एक गोळी घेतो.

सेरोटोनिन जास्त झाल्याची लक्षणं ओळखता आली पाहिजेत. ती बहुधा नवी गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिल्या २४ तासांत दिसतात: हातापायाला कंप, पाय आपोआप उडणं, अस्वस्थता, घाम, जुलाब, ताप. उलट ट्रायसायक्लिकची पातळी चढली तर माणूस कोरडा पडतो: कातडी कोरडी आणि गरम, तोंड कोरडं, पोट गच्च, लघवी बंद, बाहुल्या मोठ्या. ‘ओला की कोरडा’ ही माझी खूण आहे. निदान त्यावर ठरत नाही, पण फोनवर डॉक्टरांना नेमकं सांगायला फार उपयोगी पडते.

इथे एक न्यायाची गोष्टही सांगते. कमी मात्रेतलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि फ्लुओक्सेटिनच्याच गटातलं सेरट्रालिनसारखं एखादं औषध, अशी जोडी जगभर जाणूनबुजून दिली जाते आणि बहुतेकांना काही होत नाही. अर्धशिशीसाठीच्या ट्रिप्टान गोळ्यांचंही तेच. चिठ्ठी लिहिताना संगणक लाल इशारा दाखवतो, प्रत्यक्षात धोका खूपच कमी असतो. क्लोमिप्रामिनची गोष्ट मात्र वेगळी. या गटात सेरोटोनिनवर सर्वात जोरदार तेच, त्यामुळे त्याच्यासोबत मी हात आखडता घेते.

ज्यांच्यासोबत ट्रायसायक्लिक द्यायचंच नाही, त्यावर चर्चाच नाही, असा गट म्हणजे एमएओ रोधक, म्हणजे सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणाऱ्या एमएओ या विकराला अडवणारी औषधं. फेनेल्झिन, ट्रॅनिलसिप्रोमिन हे जुने. आज भेटतात ते पार्किन्सनसाठीचे सेलेजिलिन आणि रसाजिलिन. ट्रायसायक्लिक आणि हे यांच्यात किमान १४ दिवसांचं अंतर हवं. नकळत घात करणारे यातले दोन आहेत. लिनेझोलिड हे प्रतिजैविक, जे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात महिनोन्महिने चालतं, आणि मिथिलीन ब्लू हा काही शस्त्रक्रियांत शिरेतून दिला जाणारा रंग. दोघंही एमएओ रोधकासारखे वागतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने दोन्हींबद्दल २०११ मध्ये इशारा दिला होता. शस्त्रक्रिया ठरली की भूल देणाऱ्या डॉक्टरांना रात्रीची ती छोटी गोळी सांगायचीच. दंतवैद्यालाही. दाताच्या बधिरतेच्या इंजेक्शनात अ‍ॅड्रेनलिन असतं आणि या गोळीमुळे त्याचा हृदयावरचा, रक्तदाबावरचा परिणाम वाढतो. त्यांना ठाऊक असेल तर ते मात्रा कमी ठेवतात आणि सुई शिरेत नाही याची खात्री करून सावकाश देतात. एवढ्यावर भागतं.

हृदयाबद्दल. ट्रायसायक्लिक ईसीजीमधला क्यूटी काळ (ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबवू शकतात आणि विजेचा प्रवाह मंदावतात. तुमची आई ६८ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात ईसीजी झाला नसेल, तर हे सगळं ठरवण्याआधी एक काढून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. क्यूटी लांबवणारी दुसरी औषधं म्हणजे सिटालोप्राम, एस्सिटालोप्राम, हॅलोपेरिडॉल, मेथाडोन, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. घरगुती वाटणारी दोन तर सर्रास घेतली जातात, डोम्पेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन. उलट्या-जुलाब झाले की पोटॅशियम उतरतं, त्यावर उलटी थांबवायची ही गोळी, आणि रात्री नेहमीचं ट्रायसायक्लिक. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी क्षुल्लक, पण एकत्र आल्या की हृदयाचा ठेका चुकायला पुरेशा. अशा दिवशी डॉक्टरांना विचारा. रात्रीची गोळी एखाद-दुसरा दिवस कमी करायची का, हे तेच ठरवतील. ज्यांना फ्लेकेनाइड, अ‍ॅमिओडारोन अशी हृदयाच्या ठोक्याची औषधं आहेत, किंवा ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांना मी ट्रायसायक्लिक देतच नाही.

रक्तदाबाची कोणती गोळी ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर बदलतं. अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल तर फार अडचण नाही, उठताना घेरी येते का तेवढं पाहा. प्राझोसिन, किंवा पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात ते टॅम्सुलोसिन असेल, तर घेरी नक्की वाढते. क्लोनिडिन असेल तर गंमत उलटी: ट्रायसायक्लिक त्याचा परिणामच मारून टाकतं आणि रक्तदाब चढतो. लघवी वाढवणारी थायाझाइड गोळी असेल तर फ्लुओक्सेटिनसोबत सोडियम उतरण्याचा धोका असतो. वयस्क बायकांत हे विशेष दिसतं, आणि ते गळून गेल्यासारखं वाटणं, डोकं दुखणं, गोंधळणं या रूपात येतं. मेटोप्रोलॉल असेल तर पुन्हा तेच २डी६. फ्लुओक्सेटिनने मेटोप्रोलॉल वाढतं आणि नाडी मंदावते. घरात रक्तदाब मोजायचं यंत्र असेल तर बसून एकदा आणि उभं राहून एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर तो डॉक्टरांना कळवा. या वयात बाथरूमला जाताना पडून मोडलेलं खुब्याचं हाड हा माझ्या लेखी औषधांचा सगळ्यात दुर्लक्षित दुष्परिणाम आहे.

आणखी एक बारीकशी गोष्ट. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी लाळेत विरघळते. ट्रायसायक्लिकने तोंड कोरडं पडलेल्या माणसाच्या जिभेखाली ती तशीच पडून राहू शकते. आधी पाण्याचा एक घोट फिरवायचा, मग गोळी ठेवायची. किंवा फवारा मागून घ्यायचा.

कोरडेपणाच्या दारावर सर्वात जास्त गर्दी होते, आणि ती बहुतेक चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांची. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी डायफेनहायड्रामिन, खोकल्याच्या औषधात प्रोमेथाझिन, पोटात मुरडा म्हणून डायसायक्लोमिन. शिवाय चिठ्ठीवरची ऑक्सिब्युटिनिन, सॉलिफेनासिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, ओलान्झापिन. सर्दीच्या गोळीत बहुधा फिनाइलएफ्रिनही असतं, जे रक्तदाब चढवतं. म्हणजे एका गोळीत दोन भानगडी. आईला सर्दी झाली तर वाफ, मिठाच्या पाण्याचे थेंब आणि ताप असेल तर पॅरासिटामॉल पुरे. अ‍ॅलर्जीची गोळी लागलीच तर फेक्सोफेनाडिन विचारा. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी एका सर्दीच्या गोळीने तुंबून रात्री नळी घालायची वेळ आलेली मी एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे. काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ट्रायसायक्लिक नको. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची बीअर्स यादी ६५ वर्षांवरच्यांना ही औषधं शक्यतो टाळायला सांगते, ती मुख्यतः याच कोरडेपणामुळे. टाळा म्हणजे कधीच देऊ नका असं नव्हे. नागिणीनंतरच्या दुखण्यात दुसरं काही लागू पडत नसेल, तर १० मिलिग्रॅम मीही देते.

दारू, झोपेच्या गोळ्या, प्रेगाबालिन, अफूजन्य वेदनाशामकं यांच्यासोबत गुंगी वाढते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर जास्त बोलत नाही.

विसरला जातो तो उलटा प्रकार, म्हणजे रक्तातली पातळी उतरवणारी औषधं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, आणि क्षयरोगातलं रिफाम्पिसिन यकृताचा वेग वाढवतात. चांगली चाललेली गोळी अचानक ‘लागू पडेनाशी’ होते, मात्रा वाढवली जाते. सहा महिन्यांनी रिफाम्पिसिन संपतं, यकृत दोन-तीन आठवड्यांत मूळ वेगावर येतं, आणि वाढवलेली मात्रा तशीच राहते. औषध बंद केल्याने विषबाधेची लक्षणं दिसतील असं कोणाच्या मनात येत नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी दोन्हीकडून खेळते: सेरोटोनिन वाढवते आणि ट्रायसायक्लिकची पातळी उतरवते. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून ती कोणी सांगतही नाही.

तर तुमच्या आईसाठी डॉक्टरांना नेमकं हे विचारा. एक, मन लागत नाही ते खरोखर नैराश्य आहे की आठ महिन्यांच्या दुखण्याने आणि बिघडलेल्या झोपेने आलेला थकवा? दोन, नैराश्यच असेल तर फ्लुओक्सेटिनऐवजी २डी६ ला कमी अडवणारं औषध, उदाहरणार्थ कमी मात्रेतलं सेरट्रालिन, चालेल का? किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन हळूहळू काढून ड्युलोक्सेटिन दिलं, तर नसांचं दुखणं, गुडघा आणि मन या तिन्हींना एकाच गोळीचा उपयोग होईल का? माझ्याकडे आल्या असत्या तर मी बहुधा याच वाटेने विचार केला असता, रक्तदाब आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून. तीन, गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉलआधी पॅरासिटामॉल, लावायचं डायक्लोफेनॅक जेल आणि मांडीचे व्यायाम नीट करून झालेत का?

आणि त्या म्हणतील ‘मला काही झालेलं नाही’, तरी पुढचे चार आठवडे रोज सकाळी तीन गोष्टी विचारत जा: लघवी मोकळी होते का, उठताना तोल जातो का, आज वार कोणता. फिट आली, शुद्ध हरपली, छातीत धडधड होऊन घेरी आली, किंवा तापासोबत अंग ताठलं आणि पाय उडू लागले, तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या. जाताना सगळी पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, एका पिशवीत घालून सोबत घ्या.